कच्च्या कामाचे कागद

सकाळी आठला मी खोलीचं दार उघडतो.
एकवीस बाकं, एकवीस ओळखपत्रं,
खिडकीबाहेर दुआर्ननेची ओहोटी.
होड्या चिखलात कुशीवर पडल्यात
पाण्याची वाट बघत.
होडीला याहून वेगळं काही करता येत नाही.

नियम मी वाचून दाखवतो, दर जूनमध्ये तेच:
विषय तत्त्वज्ञान. वेळ चार तास.
पहिला तास संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.
त्यानंतर दार उघडं आहे.
(शेवटचं वाक्य छापलेलं नाही. ते माझं.)

पालथे कागद एकदम उलटतात,
तव्यावरचे मासे उलटावेत तसे.
‘निवड न करता जगता येतं का?’

कुणी फिस्सकन हसतं. कुणी टोपण चावतं.
तिसऱ्या रांगेतली अझिलिझ केर्वेला
नुसती घड्याळाकडे बघत बसते.
आई रात्रपाळीला सार्डिनचे डबे भरते,
बापाची ट्रॉलर आहे, कर्ज अर्धं फिटलेलं.
सप्टेंबरात ही पोरगी कुठे असेल
ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
ती सोडून.

मी रबरी तळाच्या बुटांनी फिरत राहतो.
सत्तावीस वर्षांपूर्वी याच खोलीत
खिडकीजवळच्या बाकावरून मी कोरा पेपर दिला
आणि पुढे सांगत आलो:
बाप आजारी होता, होडीवर माणूस नव्हतं,
समुद्रानं बोलावलं.
समुद्र कुणाला बोलावत नाही.
तो नुसता असतो.
गमबूट माझ्या पायांनी घातले,
दोर माझ्या हातांनी सोडला.
‘इलाज नव्हता’ हे नाणं
मी इतक्या ठिकाणी चालवलं
की त्यावरचा छाप झिजून गेला,
कितीचं होतं ते आता मलाही वाचता येत नाही.

अझिलिझ हात वर करते. कच्चा कागद हवाय.
माझ्याकडे तीन रंग: गुलाबी, पोपटी, पिवळा.
‘कुठला?’
‘द्याल तो.’
मी तिन्ही पसरून धरतो
आणि हलत नाही.
मागे कुणीतरी खोकतं.
तिच्या कपाळावर आठी, काय फरक पडतो?
काहीच नाही गं.
म्हणून तर तुझ्यासाठी कुणी सांगणार नाही.
(हे बोलायला मला परवानगी नाही.)
हात गुलाबीकडे जातो, थबकतो,
पिवळा ओढून घेतो.

उरलेले दोन माझ्या हातात.
न घेतलेल्या कागदांनाही
थोडं वजन असतं.

नऊ वाजून चार मिनिटं. खुर्ची करकरते.
ग्वेनोले उठतो, कोरी उत्तरपत्रिका ठेवतो.
मी वहीत वेळ लिहितो, बोट ठेवून दाखवतो:
इथे सही.
‘काही लिहिलंच नाही तर सही कशाला?’
कोरा कागदही कुणाचा तरी असतो, पोरा.
तो सही करतो, ठळक, जरा रागानंच,
आणि जिन्यावरून त्याची शीळ
बराच वेळ खाली उतरत राहते.

अझिलिझ दाराकडे बघते.
एक हात दप्तराच्या पट्ट्यावर.
मघापर्यंत ती बसली होती कारण नियम होता.
आता नियम नाही.
घड्याळाचा काटा एक घर सरकतो.
ती बसून आहे.
खुर्ची तीच, मुलगीही तीच,
पण हे बसणं आता तिचं आहे.

मग ती लिहू लागते.
काय, ते मी वाचत नाही.
दोनदा खोडलेलं दिसतं. एकदा फाडलेलंही.

बाराला भरतीचं पाणी धक्क्यापर्यंत आलेलं.
होड्या आपोआप सरळ झाल्यात,
त्यांचं कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही.
पोरं पेपर देऊन जातात,
कुणाला भूक लागलीय, कुणाला रडू येतंय.
अझिलिझ पिवळा कागद चुरगाळून खिशात कोंबते,
बरं लिहिलंस का, मी विचारत नाही.

रिकाम्या खोलीत मी दिवे बंद करतो.
उरलेले रंगीत कागद कार्यालयात जमा करायचे असतात.
पोपटी कागदाची मी घडी घालतो
आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो.
मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.